‘मीही तोच मार खाल्ला, मग मी कुठे सिगारेट ओढतो?’

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) : पत्र लिहिणारे २७ वर्षांचे आहेत. चाकणकडे एका कंपनीत नोकरीला असून भाड्याच्या खोलीत राहतात. जूनपासून १६ वर्षांचा धाकटा भाऊ अकरावीसाठी त्यांच्याकडे आला आहे. गेल्या महिन्यात त्याच्या सॅकच्या आतल्या कप्प्यात दोन सुट्या सिगारेटी आणि लायटर सापडला. तो आधी ‘मित्राच्या आहेत’ म्हणाला, मग गप्प बसला. दादाने मुस्काटात लगावली. ते लिहितात, ‘खरं तर माझा हात वर जायच्या आधीच त्याने कोपर उचलून कान झाकला होता.’ तेव्हापासून दोघं कामापुरतंच बोलतात.

गावाकडच्या घरी वडिलांचा मार रोजचा. पट्टा, पाण्याच्या पाइपचा तुकडा, हाताला येईल ते. आईलाही मार, शिव्या वेगळ्या. ‘बाबा स्वतः दिवसभर तंबाखू मळतात. पुडी आणायला आम्हालाच पिटाळायचे. पण पोराने सिगारेट ओढली हे कळलं तर सोलून काढतील.’ आजी होती तोवर पत्रलेखक रात्री तिच्याकडे झोपायला जायचे. ती गेली तेव्हा धाकटा सहा वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी पत्रलेखक डिप्लोमासाठी घराबाहेर पडले. ‘आता वयामुळे बाबांचा हात पूर्वीसारखा चालत नाही. घरी आई आणि सहावीतली बहीण असते.’

ते विचारतात : बाबांना सांगू का? याला परत गावी पाठवू, की हॉस्टेलला टाकू? ‘लहानपणी मार खाल्लेली मुलं व्यसनाकडे वळतात, असं कुठंतरी वाचलं. मला पटत नाही. एकाच घरात, एकाच पट्ट्याचा मार मीही खाल्ला. मी सुपारीसुद्धा खात नाही. मग ही नुसती वाईट संगत आणि वर निमित्त, असंच नाही का?’

*

नमस्कार,

बाबांना सांगायचं की नाही, याकडे नंतर येते. आधी तो प्रश्न घेऊ जो तुम्ही जरा रागानेच विचारला आहे : मग मी का नाही?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. ‘एकाच घरात’ असं तुम्ही म्हणता, पण तुम्हीच दिलेल्या तपशिलांवरून ती दोन वेगळी घरं दिसतात. तुमच्या घरात आजी होती. मार चुकला नाही, पण रात्री जाऊन झोपायला एक जागा होती, आणि त्या जागी तुमच्यावर हात न उगारणारं एक माणूस होतं. धाकट्याला ते सहाव्या वर्षापर्यंतच मिळालं. सातव्या वर्षी मोठा भाऊही गेला. शिकायला गेलात, जायलाच हवं होतं, त्यात तुमचा दोष काडीचाही नाही. पण त्यानंतरची नऊ वर्षं तो त्या घरात होता, वडिलांच्या तावडीत सापडणारा एकटा मुलगा म्हणून. तुमच्यानंतर पट्टा त्याच्या वाट्याला किती आला, हे तुम्ही पाहिलेलं नाही.

छळ सोसलेल्या मुलांचा ज्यांनी अभ्यास केला आहे त्यांना एक गोष्ट वारंवार दिसते. मूल पुढे कसं निभावतं, हे त्याला किती मार बसला एवढ्यावर ठरत नाही. त्या काळात भरवशाचं एक तरी मोठं माणूस जवळ होतं का, याने मोठा फरक पडतो. तुमच्याकडे आजी होती. तुम्ही सुपारी खात नाही यात तुमचा निग्रह आहेच, तो मी कमी लेखत नाही. पण त्यातलं थोडं श्रेय त्या माउलीचंही आहे.

आता तुम्ही ‘कुठंतरी वाचलं’ त्याविषयी. ते वाचलेलं बहुधा एका अमेरिकी अभ्यासातून आलेलं असणार. १९९०च्या दशकात सॅन डिएगो इथे डॉ. व्हिन्सेंट फेलिटी आणि डॉ. रॉबर्ट आंडा यांनी हजारो प्रौढांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारलं : मारहाण, सतत अपमान, लैंगिक अत्याचार, आईला होणारी मारहाण, घरातलं दारूचं किंवा ड्रग्जचं व्यसन, घरातला मानसिक आजार, आईवडिलांची फारकत, घरातलं कोणी तुरुंगात असणं. १९९९ मध्ये त्यांनी सिगारेटचा हिशोब वेगळा मांडला, ९,२१५ लोकांचा. यांतले पाच किंवा जास्त प्रकार ज्यांच्या वाट्याला आले होते, त्यांनी १४ व्या वर्षापर्यंतच सिगारेट सुरू केलेली असण्याची शक्यता, काहीच न सोसलेल्यांच्या मानाने साधारण पाचपट निघाली. आणि ही मंडळी झोपडपट्टीतली नव्हती. आरोग्यविमा असलेली, बहुतेक कॉलेजात शिकलेली, खाऊनपिऊन सुखी माणसं होती. तुमच्या पत्रातली यादी मी मोजली : मारहाण, शिव्या, आईला मारहाण. नक्की कळलेले तीन प्रकार. बाकीचं मला माहीत नाही, कदाचित तुम्हालाही नसेल.

पण हे आकडे ‘मार खाल्ला म्हणजे ओढणारच’ असं सांगत नाहीत, आणि त्या मुद्द्यावर तुमचा संशय रास्त आहे. त्या लोकांनी बालपण आठवून सांगितलं होतं, आणि दोन गोष्टी सोबत आढळल्या म्हणून एक दुसरीचं एकमेव कारण ठरत नाही. आपल्याकडचंच बघा. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या मुलांचा अहवाल काढला, त्यात महाराष्ट्र आणि गोवाही होते. दर तीन मुलांमागे दोघांना मारहाण झालेली होती. आणि २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १५ वयाच्या शाळकरी मुलांत तंबाखू कुठल्याही रूपात घेणारी ८.५ टक्के. म्हणजे मार खाणाऱ्यांतली बहुसंख्य मुलं त्या वयात तंबाखूला शिवतही नाहीत. दुसरीकडे, घरात कधी बोटही न लागलेली मुलंही सिगारेट ओढतात. मार उतार तयार करतो. त्यावरून कोण घरंगळेल आणि कोण पाय रोवून उभा राहील, हे इतर पुष्कळ गोष्टींवर ठरतं.

त्यातली एक संगत, ती तुम्ही नाकारत नाही आणि मीही नाही. सोळाव्या वर्षी पहिली सिगारेट बहुतेक वेळा मित्राच्याच हातातून येते. मात्र नव्या गावात, नव्या कॉलेजात आलेल्या मुलाला नेमकी टपरीवरची संगत का जवळची वाटली, हा प्रश्न उरतोच. आणि सिगारेट त्याला इथेच आल्यावर भेटली, असं तरी कशावरून? तंबाखूची पुडी आणायला मूल अगदी लहान असल्यापासून टपरीवर जात असेल, तर टपरीवाल्याची ओळख त्याला मास्तरांच्या आधी झालेली असते. त्या वाटेवर त्याला ज्याने घातलं तोच त्याला सोलून काढणार, हे तुमच्याही लक्षात आलंय, म्हणून तर तुम्ही ते वाक्य लिहिलंत.

तुमच्या पत्रातली माझ्या मनातून न हटलेली ओळ मात्र कोपराची आहे. हात वर जायच्या आधी कोपर कानावर. हे विचार करून होत नाही. ज्या घरात बाहेर चपला काढल्याच्या आवाजावरून आज संध्याकाळ कशी जाणार हे ओळखावं लागतं, तिथल्या मुलाचं शरीर कायम पहाऱ्यावर असतं. घर सुटलं तरी पहारा लगेच उठत नाही. झोप सावध, पोटात गोळा, कुणी आवाज चढवला की छातीत धडधड. अशा शरीरात सिगारेटचा धूर गेला की काही सेकंदांत निकोटीन मेंदूत पोचतं आणि थोडा वेळ बरं वाटायला लावणारी रसायनं सुटतात. घाबरट, चिडचिड्या, लक्ष न लागणाऱ्या पोराला पहिल्यांदाच हुकमी काही सापडतं : हवं तेव्हा, पाच मिनिटांत, कुणाला काही न सांगता. डॉ. फेलिटी म्हणायचे त्याचा आशय असा की आपण ज्याला समस्या म्हणतो, तो त्या माणसाने स्वतःपुरता शोधलेला उपाय असू शकतो.

फसवा उपाय, हे खरंच. निकोटीन साधारण दोन तासांत रक्तात निम्म्यावर येतं, आणि सवय लागलेला मेंदू पुन्हा मागायला लागतो. मग चिडचिड, बेचैनी. पुन्हा एक ओढली की ती थांबते, आणि मुलाला वाटतं, बघा, सिगारेटने बरं वाटलं. खरं तर आधीच्या सिगारेटने लावलेली बेचैनी पुढचीने शमवली. कोवळ्या मेंदूला हे चक्र फार लवकर पकडतं. रोज ओढायला लागण्याच्या आधीच काही मुलांना तलफ जाणवते. म्हणून ‘वयच आहे, आपोआप सुटेल’ हा पर्याय मी बाजूला ठेवते.

आता तुमचे पर्याय.

बाबांना सांगणं. काय होईल हे तुम्हीच लिहिलंय. सिगारेट सुटणार नाही, लपवण्याची जागा बदलेल. आणि तुमच्या खोलीत घडलेलं घरच्या पट्ट्यापर्यंत पोचतं, हे त्याला कळेल. ते कळल्यावर तो तुम्हाला पुन्हा काही सांगेल, अशी अपेक्षा धरू नका. आईला सांगायचं तर त्याला विचारून सांगा. तिच्यावरही तिथे दडपण असणार.

गावी परत पाठवणं म्हणजे वर्ष बुडवून त्याला जिथून आला तिथेच सोडणं. हॉस्टेल मुळात वाईट नाही, पुढे त्याला स्वतःला जावंसं वाटलं तर जाऊ दे. पण आत्ता, थोबाडीत मारल्यावर महिन्याभरात हॉस्टेल म्हणजे त्याच्या लेखी हकालपट्टी. शिवाय तिथे त्याला सिगारेट जास्त सहज मिळेल. उरतो सगळ्यात अवघड पर्याय : त्याला तुमच्याकडेच ठेवणं.

ठेवायचं असेल तर पहिलं बोलणं सिगारेटबद्दल नको. थपडेबद्दल हवं. समोरासमोर बसवून नको, त्याला ते चौकशीसारखं वाटेल. जेवण झाल्यावर चालायला न्या किंवा भाजी आणायला सोबत घ्या. शब्द साधे असू देत : ‘त्या दिवशी मी तुला मारलं, ते चुकलं. यापुढे मी तुझ्यावर हात उचलणार नाही. सिगारेट मला पसंत नाही, त्यावर बोलू, पण मारून नाही.’ मग थांबा. तो ‘हं’ म्हणून पुढे चालायला लागला तरी चालेल. त्याने लगेच गळ्यात पडावं, अशी अपेक्षा ठेवू नका. तो तुमच्या शब्दांवर नाही, पुढचे दोन-तीन महिने तुमच्या हातांवर विश्वास ठेवायचा की नाही ते बघणार आहे.

‘बाबांनी मारलं म्हणून ओढतोस का?’ हे चुकूनही विचारू नका. खरं असलं तरी सोळा वर्षांच्या मुलाला ते एकतर आरोप वाटतं किंवा कपाळावरचा शिक्का. स्वतःचं सांगा, हवं तर. तुम्हाला त्या घरात कशाची भीती वाटायची, आजीकडे काय वाटायचं. दोघं भाऊ यावर आजवर कधी बोललाच नसणार, असा माझा अंदाज आहे. आणि ऐकताना त्याने मारापलीकडचं काही सांगितलं, कुणी नको तिथे हात लावल्याचं वगैरे, तर खोदून विचारू नका, अविश्वास दाखवू नका. १०९८ या बालकांच्या हेल्पलाइनवर फोन करून पुढचं विचारा. लैंगिक अत्याचार पोलिसांना कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे.

सिगारेटची गोष्ट त्यानंतर. आणि आईची शपथ घालायची नाही. आपल्याकडे हा पहिला उपाय असतो आणि तो हमखास फसतो. शपथ मोडते, मग मोडल्याची लाज, मग खोटं, मग लाज विसरायला आणखी एक. त्याऐवजी माहिती विचारा, न्यायाधीश न होता. दिवसाला किती? उठल्यावर पहिली किती वेळाने? उठल्या उठल्या अर्ध्या तासात लागत असेल तर सवय मुरलेली आहे, डॉक्टरांकडे जायला हवं. कुठल्या वेळी हमखास वाटते : कॉलेज सुटल्यावर, गणिताच्या तासाआधी, घरून फोन आल्यावर? हे शेवटचं नीट ऐका. आणि सिगारेटसोबत गुटखा, मळलेली तंबाखू किंवा बंदी असूनही मिळणारी ई-सिगारेट आहे का, तेही विचारा. मुलं एक सोडून दुसरं धरतात.

सोडायची ठरली तर तारीख त्याला निवडू द्या, परीक्षेच्या आठवड्यातली नको. पहिले तीन-चार दिवस सगळ्यात वाईट जातात. चिडेल, झोपणार नाही, उगाच भांडण काढेल. दोन ते चार आठवड्यांत हे बरंच ओसरतं. एक एक तलफ काही मिनिटांचीच असते, तेवढ्यात पाणी, फुटाणे, जिन्याचे दोन मजले, कुणाला तरी फोन, काहीही. पण खरी परीक्षा तुमची आहे. त्या चार दिवसांत तो उलटून बोलेल आणि तुम्ही बारा तासांच्या शिफ्टवरून आलेले असाल. अशा वेळी तुम्ही खोलीबाहेर जायचं, त्याला बाहेर काढायचं नाही. हे आधीच दोघांत ठरवून ठेवा. शक्य असेल तर त्या आठवड्यात ओव्हरटाइम घेऊ नका.

मदत घ्या. तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय क्विटलाइन १८००-११-२३५६ ही मोफत आहे. तिथे समुपदेशक बोलतात आणि नंतर स्वतःहून पुन्हा फोनही करतात. धडधड, झोप, भीती यांसाठी ‘टेलि-मानस’ ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन १४४१६, तीही मोफत, मराठीतून बोलता येतं. जवळच्या सरकारी रुग्णालयात किशोरवयीनांसाठीचं ‘मैत्री’ क्लिनिक आहे का, तेही विचारा. निकोटीनचं च्युइंगगम मेडिकलमधून आपल्या मनाने आणून देऊ नका. या वयात ते डॉक्टरांनी ठरवायचं.

टपरीवाल्याचंही एक वाक्यात सांगते, कारण सगळा दोष पोराच्या माथी मारण्याची आपली रीत आहे. अठरा वर्षांखालच्याला तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे आणि सुट्या सिगारेटींच्या विक्रीवर महाराष्ट्र सरकारने २०२० मध्ये बंदी घातली. म्हणजे त्या दोन सिगारेटी विकणाऱ्याने दोन नियम मोडले होते. मुस्काटात कुणी खाल्ली ते आपल्याला माहीतच आहे.

तो पुन्हा ओढेल, बहुतेक. एका प्रयत्नात सुटणारे थोडे. वास आला तर ‘कितवी?’ एवढंच विचारा आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा मोजायला सुरुवात करा.

ज्या आईवडिलांनी हे वाचताना मान खाली घातली असेल, त्यांच्यासाठी एवढंच : मुलगा सोळाचा झाला, आता काय उपयोग, असं समजू नका. आज मार थांबला तर आजपासूनचा फरक पडतो. फक्त थांबवल्याचं त्याला तोंडाने सांगा, त्याला आपोआप कळत नसतं.

दादा, आता राहिली ती तुम्ही एका ओळीत उरकलेली गोष्ट. ‘बाबांचा हात पूर्वीसारखा चालत नाही.’ पूर्वीसारखा चालत नाही म्हणजे चालतो. घरात अकरा-बारा वर्षांची मुलगी आहे, आजी नाही, तुम्ही नाही आणि जूनपासून धाकटाही नाही. बाबांशी बोलायचंच असेल तर सिगारेटबद्दल नाही, तिच्याबद्दल बोला. कमावत्या थोरल्या मुलाच्या शब्दाला घरात वजन असतं, ते इथे वापरा. आधी बहिणीला एकटीला गाठून सरळ विचारा, ‘बाबा तुला मारतात का? कशाने?’ मग आईशी बोला. मग बाबांना, आवाज न चढवता : तिच्यावर आणि आईवर हात पडता कामा नये. तरीही चालूच राहिलं तर १०९८ आहे, जिल्ह्याची बालकल्याण समिती आहे. आईसाठी १८१ ही महिला हेल्पलाइन आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे संरक्षण अधिकारी आहेत. वडिलांविरुद्ध फोन करणं जड जाईल, ते मी समजू शकते. नुसतं काय करता येईल एवढं विचारण्यासाठी फोन केला तरी चालतो.

गावी जाण्याआधी धाकट्याशी बोला. जूनपर्यंत तो त्या घरात होता, तिथे सध्या काय चालतं हे त्याला तुमच्यापेक्षा ताजं ठाऊक आहे. आणि बाबांशी बोलायला जाताना त्याला सोबत नेऊ नका.